हातरिक्षेचे जोखड उतरले, परवाना कोणाच्या नावावर?

माणसाने माणसाला ओढायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितले आणि ते सांगितले आपल्या रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या माथेरानसाठी. सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने राज्य शासनाला हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला ७८ वर्षे आणि राज्यघटनेला ७५ वर्षे झाल्यावरही ही प्रथा चालू राहणे म्हणजे सामाजिक व आर्थिक न्यायाचे घटनेतील वचन मोडणे होय, असा त्या निकालाचा आशय आहे. आमच्या समाजाला या निकालाचे विशेष अप्रूप वाटले. दादासाहेब गवई यांचे चिरंजीव, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, आणि त्यांच्या हातून हा निकाल! न्यायमूर्तीचे घराणे पाहून निकालाचे मोल ठरवू नये हे आम्हाला मान्य आहे. पण ज्या घरात बाबासाहेबांच्या चळवळीचे मीठ खाल्ले गेले, त्या घरातल्या माणसाला खांद्यावरचे जोखड लवकर दिसते, हेही खोटे नाही.

दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी निकालाचा पहिला भाग मोठ्या अक्षरात छापला. दुसरा भाग आत कुठेतरी गेला. आम्हाला आज त्या दुसऱ्या भागाबद्दल लिहायचे आहे, कारण ९४ परवानाधारकांचे आणि त्यांच्या जोडीला राबणाऱ्या मजुरांचे पोट त्या भागात आहे.

ज्यांनी माथेरान पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १८५० साली ठाण्याचा इंग्रज कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेला आणि साहेबांना उन्हाळा घालवायला जागा सापडली. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर चढली. मोटारी मात्र वर चालू दिल्या नाहीत. आजही दस्तुरी नाक्यावर त्या थांबतात. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर कापायला पायी चाला, घोड्यावर बसा, नाहीतर हातरिक्षेत बसा. हातरिक्षा म्हणजे एक माणूस पुढे दांडा धरून ओढतो आणि चढावर मागून एक-दोघे ढकलतात. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात लाल धूळ. रिक्षेत बसणारे जोडपे सामानासह दीडशे किलोच्या घरात जाते. उतारावर रिक्षा मागून लोटू लागली तर पुढच्या माणसाने तिला छातीने अडवायचे. चाळिशी उलटली की या धंद्यातला माणूस खोकायला लागतो आणि गुडघे धरून बसतो. मुंबईचा पर्यटक वर जाऊन हवा शुद्ध आहे म्हणतो, तेव्हा ती शुद्ध ठेवण्याचा खर्च कोणाच्या फुप्फुसातून निघाला याचा हिशोब त्याच्या हॉटेलच्या बिलात नसतो.

इथे पर्यावरणाच्या कायद्याचा विषय येतो. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान आणि भोवतालचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. त्यात कर्जत, खालापूर आणि पनवेल तालुक्यांतील गावेही आली. या अधिसूचनेला आमचा विरोध नाही. ती नसती तर बिल्डरांनी आज माथेरानचे लोणावळे करून ठेवले असते. पण कायदा लिहिणाऱ्यांना झाड दिसले, पक्षी दिसला, रिक्षा ओढणारा दिसला नाही. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडी सोडून मोटारबंदी झाली. म्हणजे आजारी पर्यटकाला मोटार मिळेल, पण त्याला रोज वाहून आजारी पडणाऱ्याला सुटका नाही. पर्यावरणवादी मंडळींतील अनेकजण सज्जन आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण नाही. ई-रिक्षा धूर करीत नाही, आवाज करीत नाही, तरी तिला वर येऊ देण्यात इतकी वर्षे का गेली, एवढेच आम्ही त्यांना विचारतो.

ही वर्षे कशी गेली ते पाहण्यासारखे आहे. हातरिक्षा ओढणाऱ्यांची संघटना स्वतःच न्यायालयात गेली. बाहेरून कोणी उद्धारकर्ता आला नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षा चालवण्यास मुभा दिली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तीन महिन्यांचा प्रयोग सुरू झाला. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्यायच्या, कारण त्यांचा रोजगार जातो आहे, त्याची ती भरपाई आहे. पुढे संख्या २० वर रोखण्यात आली. ९४ परवाने आणि २० गाड्या! आणि या वीसातही घोळ झाला. ज्याने कधी दांडा हातात धरला नाही अशांच्या नावावर गाड्या गेल्याच्या तक्रारी न्यायालयापुढे आल्या. न्यायालयाने न्यायिक अधिकाऱ्यामार्फत चौकशी करून घेतली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये वाटपाची प्रक्रिया सदोष असल्याचे म्हणून ती पुन्हा करायला लावली. सवलत कागदावर गरिबाची असते आणि फळ दुसऱ्याच्या अंगणात पडते, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. राखीव जागांचा अनुशेष, गायरान, विशेष घटक योजनेचा पैसा, सगळीकडे हाच अनुभव.

म्हणून ६ ऑगस्टच्या निकालाचा दुसरा भाग महत्त्वाचा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील माथेरान संनियंत्रण समितीने खरे हातरिक्षा ओढणारे कोण ते ठरवावे आणि किती ई-रिक्षा लागतील तेही ठरवावे. गुजरातेत केवडियाला, सरदार पटेलांच्या पुतळ्याजवळ, जशी योजना आहे तशी राज्याने आखावी. म्हणजे गाड्या विकत घेऊन त्या या लोकांना भाड्याने द्याव्यात. उरलेल्या गाड्या गरजेप्रमाणे परिसरातील आदिवासी स्त्रिया आणि इतरांना द्याव्यात. पैसा नाही ही सबब चालणार नाही. दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत पेव्हर ब्लॉक टाकता येतील, पण आतल्या वाटांवर नाही. हे सारे चांगलेच आहे. आमची शंका 'भाड्याने' या एका शब्दाबद्दल आहे.

हातरिक्षा, मग ती कितीही लाजिरवाणी असो, परवान्याने त्या माणसाची होती. दांडा त्याचा, गिऱ्हाईक त्याचे, दिवस त्याचा. उद्या ई-रिक्षा नगरपरिषदेची किंवा एखाद्या एजन्सीची झाली आणि हा तिचा भाडेकरू झाला, तर त्याच्या छातीवरचे ओझे उतरले खरे, पण तो मालकाचा चालक झाला. सकाळी भाडे भरा, मग चावी मिळेल. पावसाळ्यात पर्यटक नाहीत, भाडे मात्र चालू. बॅटरी बसली, भुर्दंड कोणाला? एजन्सी बदलली, हा राहिला का गेला?

कोकणच्या माणसाला ही रीत नवी नाही. याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, खोताच्या जमिनीत कुळाने घाम गाळला आणि अर्धे पीक खोताच्या कणगीत गेले. चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत संप केला. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. त्या लढ्यात मागणी खोताने दयाळू व्हावे अशी नव्हती. खोत मधून जावा आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी, ही होती.

याहून जवळचा दाखला महार वतनाचा आहे. १९२८ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, तेव्हा त्यांच्यापुढे नेमका हाच पेच होता. वेठ गेली पाहिजे यावर दुमत नव्हते. पण वेठीबरोबर वतनाची जमीनही काढून घेतली तर महार माणूस मोकळा होईल आणि उपाशीही मरेल. म्हणून त्यांनी मांडले की गावकीची सक्तीची चाकरी संपवा, आणि जमीन पूर्ण सारा घेऊन त्याच माणसाकडे राहू द्या. चाकरी सुटावी आणि जमीन राहावी, या दोन गोष्टी त्यांनी एका दोरीत बांधल्या. तो कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, आणि त्यानंतरही वतनाच्या जमिनी कोणाकोणाच्या घशात गेल्या ते आपण पाहतो आहोत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुण्याच्या मुंढव्यातील सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तो याच कथेचा ताजा अध्याय.

तेव्हा माथेरानला आम्ही वतनाच्या चष्म्यातून पाहतो. हातरिक्षा ही वेठ होती, ती गेली पाहिजे. पण परवाना ही त्या माणसाची जमीन आहे. ती त्याच्याकडेच राहिली पाहिजे.

न्यायालयाने आपल्या निकालात आझाद रिक्षा पुलर्स युनियन या जुन्या खटल्याचा हवाला दिला आहे. १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे अमृतसरचे सायकलरिक्षावाले आले होते. पंजाबने १९७५ साली कायदा केला होता की जो स्वतः चालवतो त्यालाच रिक्षेचा परवाना मिळेल. हेतू चांगला, दहा-वीस रिक्षा भाड्याने लावून बसलेल्या शेठला हटवायचे. परिणाम उलटा. ज्याच्याकडे स्वतःची रिक्षाच नव्हती तो भाड्याने चालवणारा गरीबच रस्त्यावर आला. न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. बँकेच्या कर्जाची योजना आखून दिली, म्हणजे चालवणारा हप्ते फेडून मालक होईल. चालवेल त्याची रिक्षा, असा तो विचार होता. ४५ वर्षांनी त्याच खटल्याचा आधार घेऊन दिलेल्या निकालाची अंमलबजावणी भाडेपट्ट्यावर येऊन थांबली, तर ते एक पाऊल मागे ठरेल.

भाड्याच्या योजनेला काही आधार नाही असेही आम्ही म्हणणार नाही. ज्याच्याकडे भांडवल नाही त्याला कर्ज काढायला लावले आणि दोन पावसाळे वाईट गेले की गाडी सावकाराच्या दारात उभी राहते. मालकी दिली आणि विकण्याची मुभाही दिली, तर पाच वर्षांत सगळ्या गाड्या दोन-चार हॉटेलवाल्यांच्या होतील. वतनाच्या जमिनीचे तेच झाले. म्हणून आमचे मत असे की सुरुवातीला गाडी शासनाची आणि नाममात्र भाड्याची असावी. ते भाडे किंमतीत वळते होत जावे आणि ठराविक मुदतीने गाडी चालवणाऱ्याची व्हावी. परवाना पहिल्या दिवसापासून त्याच्याच नावाचा असावा, तो विकता येऊ नये, आणि तो मेला तर त्याच्या बायकोकडे किंवा मुलांकडे जावा. संख्याही २० किंवा ३० अशी हवेतून ठरवू नये. हातरिक्षेचे ९४ परवाने आहेत, तिथून मोजायला सुरुवात करावी. मागून ढकलणाऱ्याचे नाव तर कुठल्याच परवान्यावर नाही. खरे ओढणारे कोण हे ठरवताना समितीने त्यालाही मोजावे. आणि घोडेवाले आपले शत्रू आहेत असे समजून चालू नये. त्यांचेही पोट याच रस्त्यावर आहे, त्यांच्या भीतीवर शासनाने बोलावे.

भाडेकरू चालक कायद्याने कोण, हा प्रश्न साता समुद्रापारही गाजला आहे. लंडनच्या उबर टॅक्सीचालकांना कंपनी स्वतंत्र व्यावसायिक म्हणत होती. करारात तसेच लिहिले होते. १९ फेब्रुवारी २०२१ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की कागदावर काय लिहिले आहे ते नंतर. भाडे कोण ठरवतो, काम कोण देतो, शिक्षा कोण करतो ते आधी पाहायचे. त्यावरून ते चालक कामगार ठरले आणि किमान वेतन, पगारी रजा त्यांना लागू झाली. माथेरानात दर, मार्ग आणि वेळ दुसऱ्या कोणी ठरवायची असेल आणि गाडीही दुसऱ्याची असेल, तर 'तू स्वतंत्र धंदेवाला आहेस' हे त्याला ऐकवण्याचा अधिकार कोणाला राहत नाही. मालक तरी करा, नाहीतर कामगाराचे हक्क तरी द्या.

आता घाट उतरून खालापुरात येऊ. वर माथेरानात जोखड उतरवण्याचा निकाल आला त्याच वर्षी, २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, केंद्र शासनाने चार कामगार संहिता अमलात आणल्या. २९ जुने कायदे त्यात विरघळले. खोपोलीच्या कारखान्यांच्या गेटवर सकाळच्या पाळीला जी रांग लागते, तिच्यात आपली किती पोरे आहेत ते कोणालाही दिसते. त्यांना या संहितांनी काय दिले? नेमणूकपत्र सर्वांना दिलेच पाहिजे, हे दिले. मुदतीच्या नोकरीवाल्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही दिले. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कपात किंवा टाळेबंद करायला शासनाची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा १०० ची होती. संपाला १४ दिवसांची नोटीस सर्वच उद्योगांत लागते. संपाचा हक्क आकसणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई बंद पाडली होती, हे इथे नुसते नोंदवून ठेवतो.

आम्हाला सर्वात बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत आस्थापनेच्या 'मुख्य कामा'ची व्याख्या आहे. मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायचे नाहीत, असे कायदा म्हणतो. मग मुख्य काम नाही ते कोणते? त्याची यादीच दिली आहे, आणि यादीत पहिल्या क्रमांकावर साफसफाई. झाडणे, पुसणे, कचरा गोळा करणे आणि त्याची विल्हेवाट लावणे. त्यानंतर पहारा, कँटीन, माल चढवणे-उतरवणे, बागकाम, धुणे. ही यादी कोणत्या जातींच्या हातात शतकानुशतके होती ते आम्ही सांगायला नको. मनूने जी कामे गावकुसाबाहेर टाकली होती, ती नव्या कायद्याने कारखान्याच्या हजेरीपटाबाहेर टाकली.

गंमत अशी की याच देशात ९ डिसेंबर १९७६ रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून केंद्राच्या अखत्यारीतील आस्थापनांच्या इमारतींत झाडणे, पुसणे, साफ करणे आणि पहारा या कामांना कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली होती. हे काम रोजचे, बारमाही आहे, म्हणून कायम माणूस हवा, असा तेव्हाचा विचार. एअर इंडियाच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या आधारे कंत्राटी कामगारांना सामावून घ्यायला सांगितले; २००१ साली स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने ती वाट बंद केली. आणि २०२० च्या संहितेने झाडूला कंत्राटात ढकलण्याचा रस्ताच पक्का बांधला. ज्या कामाला कंत्राट नको असे कायद्याने म्हटले होते, त्याच कामाला आता कंत्राट चालेल म्हणतात. कचरा तर तितकाच रोज निघतो.

लाड-पागे समितीच्या शिफारशींनी सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीची हमी मिळाली. झाडूचाच वारसा पुढे का चालावा, असे आमच्यातले तरुण विचारतात आणि ते बरोबर विचारतात. पण ज्या घरात दुसरा आधार नाही तिथे ती हमी मोलाची होती. आता मूळ जागाच कंत्राटदाराची झाली, तर वारसाने वारसा कशाचा सांगायचा?

तरी एक फट आहे आणि ती आपल्या कार्यकर्त्यांनी नीट पाहावी. संहितेतील यादीला अट आहे: आस्थापना मुळात त्याच कामासाठी नसेल, तरच ते काम गौण धरायचे. पोलादाच्या कारखान्याला हे लागू होईल. नगरपरिषदेला कसे लागू होईल? १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ४९ मध्ये रस्ते, गटारे आणि सार्वजनिक जागांची सफाई ही नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्ये म्हणून लिहिली आहेत. मग खोपोली, कर्जत, माथेरान या नगरपरिषदांमध्ये झाडू मारणे हे मुख्य काम नव्हे, असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल?

न्यायालयेही सगळी दारे लावून बसलेली नाहीत. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे लढून मुंबई महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना २०१७ साली सर्वोच्च न्यायालयातून कायम करून घेतले. २० डिसेंबर २०२४ रोजी जग्गो विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. विक्रम नाथ आणि न्या. प्रसन्न वराळे यांनी केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे झाडलोट करणाऱ्या आणि २०१८ साली काढून टाकलेल्या कामगारांना सेवेत कायम करायला सांगितले. बारमाही कामाला तात्पुरते नाव देऊन माणसाला लुबाडता येणार नाही, हा त्याचा गाभा. न्या. वराळे हे बाबासाहेबांचे सहकारी बळवंतराव वराळे यांचे नातू.

खोपोलीत, कर्जतमध्ये किंवा माथेरानात नगरपरिषदेचा झाडू हातात असलेल्या प्रत्येकाने आपले नेमणूकपत्र मागावे, हजेरीचे आणि पगाराचे कागद जपून ठेवावेत. नगरपरिषदेने सफाईचे कंत्राट ज्या ठरावाने दिले तो ठराव, आणि माथेरानात ई-रिक्षा ज्यांना दिल्या त्यांची यादी, माहितीच्या अधिकारात मागता येते. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.